साक्ष आणि पुरावा यांच्यातली फट: ‘फिनिक्स राइट: एस अटर्नी’ हा कोर्टाचा खेळ चालतो कसा

कोर्टातल्या घड्याळात सकाळचे ११ वाजून २५ मिनिटं झाली आहेत. बचाव पक्षाचा नवखा वकील मुद्देमालातला एक छोटा पुतळा मागवतो. विचारात गढून बसलेल्या माणसाचा पुतळा, ज्याने खून झाला असं सरकार पक्षाचं म्हणणं आहे तो. पुतळ्याची मान कलती केली की आतून आवाज येतो आणि वेळ सांगतो: ८ वाजून २५ मिनिटं. पुतळा म्हणजे मुळात बोलकं घड्याळ आहे, आणि ते तीन तास मागे आहे. एवढ्या एका गोष्टीवर खटला उलटतो.

हा प्रसंग ‘फिनिक्स राइट: एस अटर्नी’ या व्हिडिओ गेमच्या पहिल्या प्रकरणातला. जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा खेळ ऑक्टोबर २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या कन्सोलसाठी काढला. जपानी नाव ‘ग्याकुतेन साइबान’, म्हणजे उलटणारा खटला. लेखन आणि दिग्दर्शन शू ताकुमी यांचं, आणि मूळ चमू जेमतेम सात जणांचा. २००५ मध्ये तो निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या कन्सोलवर आला, त्यात पाचव्या प्रकरणाची भर पडली, आणि तेव्हाच तो पहिल्यांदा इंग्रजीत मिळाला. बाहेरच्या जगाला ठाऊक आहे तो हाच अवतार.

ना धावपळ, ना गोळीबार, ना शर्यत. पडद्यावर चित्रं आणि मजकूर, आणि तुमच्या हातात पुराव्यांची एक यादी. वकिलीचं ज्ञान लागत नाही, बोटांची चपळाई लागत नाही. तरीही बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात अडकतात आणि खेळ सोडून देतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: हा खेळ आपल्याला नेमकं काय विचारतो आहे, हेच ध्यानात आलेलं नसतं.

खेळ विचारतो तो प्रश्न

खून कोणी केला, हा प्रश्न हा खेळ क्वचितच विचारतो. पहिल्या प्रकरणाची सुरुवातच खुनी माणूस दाखवून होते. हातात रक्ताळलेला पुतळा, आणि आता हे कोणाच्या गळ्यात मारायचं याची त्याला लागलेली घाई. त्यामुळे गुपित असं काही उरत नाही. प्रश्न उरतो तो असा: साक्षीदाराचं अमुक वाक्य आणि तुमच्याकडचा अमुक पुरावा, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात का? असू शकत नसतील, तर त्या वाक्यावर थांबायचं आणि तो पुरावा पुढे करायचा. ‘ऑब्जेक्शन!’ अशी आरोळी घुमते आणि खटला एक पाऊल पुढे सरकतो.

साक्ष म्हणजे पाच ते दहा वाक्यांची माळ. एकेक वाक्य हिरव्या अक्षरांत पडद्यावर येतं, तुम्ही पुढे-मागे जाऊ शकता, हवं तितक्या वेळा फिरू शकता. प्रत्येक वाक्यावर दोनच गोष्टी करता येतात. एक म्हणजे साक्षीदाराला खोदून विचारणं. तेव्हा ‘होल्ड इट!’ ही आरोळी येते. दुसरी म्हणजे पुरावा दाखवणं. चुकीचा पुरावा दाखवला की न्यायाधीश तुमच्या पाच उद्गारचिन्हांपैकी, म्हणजे चुकायच्या पाच संधींपैकी, एक काढून घेतात. पाचही गेली की आरोपी दोषी आणि खेळ खलास. खोदून विचारायला मात्र सहसा दंड नाही.

आता थोडा हिशेब करू. साक्षीत दहा वाक्यं आणि हाताशी पाच पुरावे असतील तर पन्नास जोड्या होतात, आणि त्यांतली बरोबर एकच. पाच प्रयत्नांत अंदाजपंचे ती लागण्याची शक्यता दहात एक. पुढच्या प्रकरणांत पुरावे वीसच्या घरात जातात. मग सहा वाक्यांची साक्ष असली तरी एकशेवीस जोड्या होतात आणि शक्यता चोविसात एकवर येते. म्हणून अंधारात दगड मारून हा खेळ संपत नाही. तो वाचून संपतो.

पहिलं प्रकरण, वाक्यागणिक

पुढच्या सगळ्या प्रकरणांच्या किल्ल्या पहिल्या प्रकरणात आहेत, म्हणून ते सावकाश पाहू. (खुनी खेळच सुरुवातीला दाखवतो, त्यामुळे इथे त्याची उकल सांगण्याने फारसं काही बिघडत नाही.)

सिंडी स्टोन या मॉडेलचा ३१ जुलै २०१६ रोजी तिच्या घरात खून झाला. आरोपी तिचा प्रियकर लॅरी बट्झ. वकील फिनिक्स राइट, लॅरीचा शाळेपासूनचा दोस्त आणि आयुष्यातला पहिलाच खटला लढवणारा. साक्षीदार फ्रँक साव्हिट, दारोदार फिरून वर्तमानपत्राचे वर्गणीदार गोळा करणारा. त्याची साक्ष अशी: लॅरीला घरातून पळताना पाहिलं, दार अर्धवट उघडं होतं, आत डोकावलो तर बाई पडलेली, भीतीने आत पाऊल टाकवलं नाही, पोलिसांना कळवायला गेलो तर घरातला फोन बंद, मग जवळच्या बागेतल्या सार्वजनिक फोनवर गेलो, आणि वेळ मला नक्की आठवते, दुपारचा एक.

चौकस माणसाला पहिलं खटकतं ते फोनचं वाक्य. आत गेलाच नाही तर फोन बंद आहे हे याला कसं कळलं? शंका अगदी योग्य आहे. पण तिथे खोदून विचारलं की तो सांगतो, दाराजवळच्या फळीवर बिनवायरचा फोन होता, हात आत घालून तो घेतला. आणि वीज नसल्यामुळे फोन चालत नव्हता, हे सरकारी वकीलही सांगतात. वाक्य संशयास्पद आहे, पण ते खोटं पाडणारा पुरावा तुमच्याकडे नाही. हा धडा पहिल्या दहा मिनिटांतच मिळतो: संशय आणि विसंगती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाला विसंगती हवी असते, आणि तीही कागदावर दाखवता येईल अशी.

ती आहे वेळेच्या वाक्यात. शवविच्छेदन अहवाल म्हणतो, मृत्यू दुपारी ४ ते ५ या दरम्यान. मग हा माणूस एक वाजता प्रेत कसं पाहतो? त्या वाक्यावर अहवाल दाखवायचा. पहिली विसंगती सर्वांत साधी: आकडा विरुद्ध आकडा.

साक्षीदार लगेच बाजू पालटतो. म्हणतो, मी वेळ ऐकली होती, बहुधा टीव्हीवरून. इथे लागतो वीजपुरवठ्याचा कागद. त्या इमारतीत दुपारी १२ ते संध्याकाळी ६ वीजच नव्हती, मग टीव्ही कसा लागेल? ही विसंगती एक पायरी खोल आहे. दोन आकडे शेजारी ठेवून ती दिसत नाही. टीव्हीला वीज लागते हा साधा दुवा मधे तुम्हाला जोडावा लागतो.

तिसऱ्यांदा तो म्हणतो, ऐकली नाही, पाहिली. घरात टेबलावरचं घड्याळ होतं ना, ज्याने मारलं तेच. आणि इथे तो पुरता फसतो. घरात दिसणारं घड्याळ नव्हतं. पुतळा बघून कोणीही त्याला घड्याळ म्हणणार नाही. लॅरीने स्वतः बनवलेली ती वस्तू वेळ सांगते हे आवाज ऐकल्याशिवाय कळायला मार्गच नाही. म्हणजे त्याने तो आवाज ऐकला, आणि ऐकला तो घाव घालताना, कारण फटक्यासरशी मान कलली आणि पुतळा बोलला. ही तिसरी जात: साक्षीदाराला जे ठाऊक असायला नको तेच त्याला ठाऊक आहे. पुढच्या प्रकरणांतले सगळ्यात जोरदार क्षण याच जातीचे असतात.

एवढ्यावर सुटका नाही. सरकारी वकील विचारतात, खून चार वाजता झाला तर घड्याळाने एक कसा सांगितला? मग कोर्टात घड्याळ वाजवून पाहतात. ११:२५ ला ते ८:२५ सांगतं. आज ते तीन तास मागे आहे हे ठरलं. पण खुनाच्या दिवशीही मागेच होतं कशावरून? उत्तर पासपोर्टमध्ये आहे. सिंडी खुनाच्या आदल्याच दिवशी, ३० जुलैला, पॅरिसहून परतली होती. कथा घडते लॉस एंजेलिसमध्ये, आणि उन्हाळ्यात पॅरिस लॉस एंजेलिसच्या नऊ तास पुढे असतं. इथे दुपारचे चार, तेव्हा तिथे मध्यरात्रीनंतरचा एक. म्हणजे घड्याळ तीन तास मागे नव्हतंच. नऊ तास पुढे होतं. बारा तासांच्या घड्याळात हे दोन्ही सारखेच वाजतात. पाहा, यादीत सुरुवातीपासून निमूट पडून असलेला पासपोर्ट अखेरीस कामाला आला. या खेळात निरुपयोगी वाटणारा कागद बहुतेक वेळा आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो.

खोदून विचारण्याचं काम

नवा खेळाडू पुरावा दाखवायची घाई करतो. जाणकार आधी साक्ष तीन फेऱ्यांत वाचतो. पहिल्या फेरीत काही न करता सगळी वाक्यं ऐकायची. दुसऱ्या फेरीत एकूण एक वाक्यावर खोदून विचारायचं. इथे तीन गोष्टी घडू शकतात. साक्षीदार तपशील देतो आणि वाक्याचा खरा अर्थ उलगडतो. किंवा साक्षीत नवं वाक्य घातलं जातं, आणि अनेकदा विसंगती नेमकी त्या नव्या वाक्यातच असते. किंवा फिनिक्स मनातल्या मनात काही बोलतो. मनातलं बोलणं निळ्या अक्षरांत येतं, महत्त्वाचे शब्द नारिंगी-तांबड्या रंगात. ते रंग ध्यानात धरायचे. तिसऱ्या फेरीत मग पुरावा.

कधी कधी मूळ साक्षीत विसंगती नसतेच, आणि सगळी वाक्यं खोदल्याखेरीज ती पुढे सरकत नाही. एका फेरीनंतर फिनिक्सला शेजारून काही सुचवलं जातं तेव्हा ते नीट वाचा; ‘अजून माहिती काढायला हवी’ असा सूर असेल तर पुराव्याला हात लावू नका.

आणखी एक खूण कानाची आहे. ‘ऑब्जेक्शन!’ म्हटल्यावर मागचं संगीत चटकन थांबलं तर पुरावा बरोबर. वाजतच राहिलं तर चूक, न्यायाधीश बोलायच्या आधीच समजतं. उलटतपासाच्या संगीताच्याही दोन लयी आहेत, एक मध्यम आणि एक द्रुत. साक्षीदार कोंडीत सापडत गेला की द्रुत लय लागते. चित्रांची संख्या मोजकीच: टेबलावर हात आपटणं, बोट रोखणं, मान हलवणं, घामाघूम होणं. गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा अवघा २४० बाय १६० बिंदूंचा. त्यात हालचाल भरण्यापेक्षा नेमक्या क्षणी संगीत तोडणं आणि एक आरोळी घुमवणं हे त्या चमूने पत्करलं. तो निर्णय किती बरोबर होता ते पहिल्या बरोबर पुराव्याला अंगावर येणाऱ्या काट्यावरून कळतं.

हमखास अडकायला होतं ते

सर्वांत जास्त त्रास हुशार खेळाडूला होतो. तो गोष्टीच्या पुढे धावतो. खुनी कोण, कसा, का, हे त्याला दोन साक्षी आधीच उमगलेलं असतं, आणि तो शेवटचा पुरावा आत्ताच दाखवतो. खेळ तो नाकारतो आणि दंड करतो. राग येतो, साहजिक आहे. पण कथा एका ठरलेल्या क्रमाने लिहिलेली आहे, आणि प्रत्येक पायरीला एकच दार आहे. उपाय असा की तुम्हाला काय कळलं आहे ते बाजूला ठेवायचं आणि विचारायचं: समोरचं हे एक वाक्य, फक्त हे, कोणता कागद खोटं पाडतो? ‘हा माणूस खुनी आहे’ हे सिद्ध करायचं नसतं, ‘हे वाक्य चुकीचं आहे’ एवढंच करायचं असतं.

दुसरी अडचण शेजारच्या वाक्याची. विसंगती बरोबर शोधली, पुरावाही बरोबर, पण दाखवला एक वाक्य अलीकडे किंवा पलीकडे. साक्षीत ‘मी खिडकीतून पाहिलं’ आणि ‘तो धावत होता’ अशी दोन वाक्यं असतील आणि पुरावा खिडकीबद्दल असेल, तर तो खिडकीच्याच वाक्यावर दाखवायला हवा. पुराव्याचं वर्णन जी वस्तू, वेळ किंवा जागा सांगतं, तोच शब्द कोणत्या वाक्यात आहे ते पाहा.

तिसरी अडचण म्हणजे बदललेला कागद. दुसऱ्या प्रकरणात सरकारी वकील माइल्स एजवर्थ भर कोर्टात शवविच्छेदनाचा सुधारित अहवाल काढतात आणि तुमच्या हातातला जुना मुद्दा कोसळतो. मजकुरात पुराव्यांची नोंद बदलल्याचा उल्लेख आला की आर बटण दाबून ती पुन्हा उघडा आणि शब्द न शब्द वाचा. बरेचसे दंड जुन्या आठवणीवर विसंबल्यामुळे बसतात.

यावर साधी खबरदारी: पुरावा दाखवण्याआधी खेळ सेव्ह करायचा. डीएसवर खटल्याच्या मधेही सेव्ह करता येतं. आणि अर्थात, झाकण मिटलं की डीएस झोपतो. एसटीत किंवा लोकलमध्ये खेळणाऱ्याला ही सोय मोठी आहे.

तपासाचे दिवस

पहिलं प्रकरण सोडलं तर खटल्याआधी तपास असतो. त्यात चार कामं: जागा तपासणं, दुसरीकडे जाणं, लोकांशी बोलणं आणि त्यांना वस्तू दाखवणं. इथे चुकीला दंड नाही, म्हणून मनसोक्त चुका.

इथे अडकण्याचं कारण वेगळं. खेळाच्या पोटात न दिसणाऱ्या अटी असतात: अमुक माणसाशी अमुक विषय बोलून झाला, अमुक वस्तू हाताला लागली, की पुढचं दार उघडतं. एखादी अट राहून गेली तर तुम्ही त्याच पाच-सहा जागांत गोल गोल फिरत राहता आणि काहीच घडत नाही. अशा वेळी क्रमाने जायचं. प्रत्येक जागी परत जा, कारण नवी वस्तू मिळाल्यावर जुन्या जागी नवा माणूस उभा असू शकतो. प्रत्येकाशी सगळे विषय बोला. मग नुकताच मिळालेला पुरावा प्रत्येकाला दाखवा. शेवटी खोलीचं चित्र तुकड्यातुकड्याने तपासा. टेबलाखाली, कपाटाशेजारी, खिडकीबाहेर. वकिलाचा बिल्लाही लोकांना दाखवून पाहा. त्याने खटला सहसा पुढे जात नाही, पण माणसांच्या उत्तरांतून त्यांचे स्वभाव फार छान कळतात.

पाचवं प्रकरण, आणि डीएसची हत्यारं

पहिली चार प्रकरणं गेम बॉयसाठी लिहिलेली. पाचवं चार वर्षांनंतर डीएससाठी लिहिलं गेलं आणि ते सर्वांत लांब आहे. त्यात दोन पडदे, स्टायलस (पडद्यावर टेकवायची लेखणी) आणि मायक्रोफोन यांचा पुरेपूर वापर आहे.

ल्युमिनॉल: रक्ताचे पुसलेले डाग शोधायचं द्रावण. स्टायलसने पडद्यावर टिचकी मारली की तिथे फवारा उडतो, आणि रक्त असेल तर निळी चमक दिसते. यामागचं शास्त्र खरं आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे ल्युमिनॉलची रासायनिक क्रिया वेग घेते आणि निळसर प्रकाश पडतो. प्रत्यक्षात ब्लीचनेही तशी चमक येऊ शकते, म्हणून खऱ्या तपासात पुढची चाचणी करावीच लागते. खेळात खेळाडू एक-दोन ठिकाणी फवारून सोडून देतो आणि डाग राहून जातो. फरशी पट्ट्यापट्ट्याने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फवारायची.

बोटांचे ठसे: भुकटी टिचक्यांनी पसरायची आणि मग मायक्रोफोनवर फुंकर मारायची, जादा भुकटी उडते आणि ठसा उरतो. भुकटी थोडी पडली तर ठसा अर्धवट राहतो आणि जुळत नाही. फुंकर जवळून, पण संथ.

वस्तू फिरवून पाहणं: काही पुरावे त्रिमितीत उघडतात. ते सगळ्या बाजूंनी फिरवा, उघडतात का पाहा, मागची बाजू पाहा. या प्रकरणात अडकलेल्यांपैकी अनेकांनी एखादी वस्तू उलटी करूनच पाहिलेली नसते.

डीएसवर आरोळीही तोंडाने मारता येते. वाय बटण दाबून धरायचं आणि मायक्रोफोनवर मोठ्याने ‘ऑब्जेक्शन!’ म्हणायचं. ट्रेनमध्ये नको, घरी मात्र जरूर करून पाहा.

हे कोर्ट असं विचित्र का

लॉस एंजेलिसमध्ये खुनाचा खटला चालतो आणि ज्युरी नाही, हे कसं? कारण हा खेळ जपानमध्ये, जपानी वाचकांसाठी लिहिला गेला. २००१ मध्ये जपानच्या फौजदारी कोर्टात सामान्य नागरिक निवाड्याला बसत नसत. ती पद्धत मे २००९ मध्ये सुरू झाली. तिथे खटला उभा राहिला की दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक, ही गोष्ट तेव्हाही सर्वांना माहीत होती. खेळातल्या सरकारी वकिलांची कधीच न हरण्याची मिजास आणि तीन दिवसांत निकाल लावायची सक्ती या जाणिवेतून आलेली आहे. इंग्रजी करताना जागा लॉस एंजेलिस झाली, नावं बदलली, कोर्ट जपानीच राहिलं. चौथ्या प्रकरणात एका जुन्या खुनाची १५ वर्षांची मुदत संपत येते, त्याचंही मूळ तेच. जपानमध्ये तेव्हा खुनाच्या खटल्याला १५ वर्षांची मुदत होती. पुढे ती वाढवली आणि २०१० मध्ये काढून टाकली. कॅलिफोर्नियात खुनाला अशी मुदत नाही, आणि भारतातही नाही.

आपल्याकडच्या कोर्टाशी ताडून पाहिलं तर एक गोष्ट पहिल्यांदा नजरेत भरते. आपल्याकडे ‘हरकत’ घेतली जाते ती मुख्यतः समोरच्या वकिलाच्या प्रश्नावर: प्रश्न सूचक आहे, गैरलागू आहे वगैरे. साक्षीदाराच्या उत्तरावर ओरडून हरकत घेत नाहीत. खोटं बोलत असेल तर उलटतपासात त्याला त्याच्याच शब्दांत पकडतात. त्याची रीत कायद्यात दिलेली आहे. साक्षीदाराला त्याच्या आधीच्या लेखी जबाबातला विसंगत भाग दाखवून विचारावं लागतं. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १४५ होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम १४८ आहे. शिवाय ऐनवेळी खिशातून पुरावा काढून सगळ्यांना चकित करणं खऱ्या कोर्टात सहसा चालत नाही, कारण दोषारोपपत्रासोबतच्या कागदांच्या प्रती आरोपीला आधीच द्याव्या लागतात. पण गाभा खरा आहे. तोंडी साक्ष कागदाशी आणि वस्तूशी ताडून पाहणं हे उलटतपासाचं मूळ काम, आणि या खेळाने तेवढंच उचललं, बाकीचं सोडलं.

आज खेळायचा तर

या मालिकेचे पहिले तीन भाग एकत्र असलेला संच २०१९ पासून स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन या कन्सोलवर आणि संगणकासाठी स्टीमवर आहे, मोबाइलवरही आहे. पाचवं प्रकरण त्यात आहे. फुंकर मारायचं काम तिथे बटणावर आलं आहे. जुन्या डीएसचं कार्ट्रिज मिळालं तर ते डीएस, डीएसआय आणि ३डीएस या तिन्हींवर चालतं, आणि डीएसची साधी कार्ट्रिजं देशागणिक अडवलेली नसतात. जपानी कार्ट्रिजमध्येही इंग्रजीचा पर्याय आहे, त्यामुळे सेकंडहँड घेताना नुसतं जपानी वेष्टन पाहून मागे फिरू नका.

मराठीत हा खेळ नाही. इंग्रजी ठीकठाक वाचता येत असेल तर कथा कळते, पण नावांतले श्लेष मोठ्याने उच्चारल्याशिवाय सुटतात. साव्हिट हे आडनाव म्हणून पाहा: ‘सॉ इट’, म्हणजे ‘पाहिलं’, असं ऐकू येतं, साक्षीदाराला हेच नाव. मूळ जपानीत फिनिक्सचं आडनाव नारुहोदो. जपानी माणूस समोरच्याचं म्हणणं पटलं की ‘नारुहोदो’ म्हणतो. आपल्याकडे ‘अच्छा, असं होय!’ म्हणतात तसंच. उलटतपासात एखादं वाक्य अखेर कागदाशी अडखळतं तेव्हा खेळणाऱ्याच्या तोंडूनही बरोबर हाच शब्द निघतो.